शिवारात रेंज कोणाची? मोबाईलची कंपनी कशी निवडावी



हंगाम सुरू झाला की गटऑफिसात एक तक्रार हमखास येते. सभासद म्हणतो, "तोडीचा निरोप मला मिळालाच नाही." चिटबॉय म्हणतो, "चार वेळा फोन लावला, लागत नव्हता." पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. फोन खिशात होता, चार्ज होता, रिचार्जही मारलेला होता. नव्हती ती फक्त रेंज.

पूर्वी तोडीची चिठ्ठी सायकलवरून माणूस घेऊन यायचा. घरी कोणी नसेल तर शेजाऱ्याकडे देऊन जायचा. आता तोडीचा निरोप, गाडी कधी येणार, काट्यावर वजन किती भरलं, ऊस बिल बँकेत जमा झालं का, हे सगळं मोबाईलवर येतं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, पीएम किसानची केवायसी त्याच नंबरवर. २०२१ पासून ई-पीक पाहणीही आपल्या हातातल्या फोनवरच आहे. म्हणजे मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बैलजोडी आणि मोटर जशी पारखून घेतो, तशी मोबाईलची कंपनीही पारखून घेणं अगत्याचं झालं आहे.

रेंज नसल्याने होणारं नुकसान केवळ गैरसोयीचं नसतं. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला तर बरा. फडात पडून राहिला की वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि मुकादमाला फोन लागेना, तर खाडा होतो. आणि रात्रीच्या पाळीला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला साप चावला किंवा मोटरीच्या पेटीचा झटका बसला, तर घरी लागणारा एक फोन म्हणजे जीव असतो.

तेव्हा "कोणती कंपनी चांगली?" हा प्रश्न अपुरा आहे. माझ्या घरात, माझ्या फडात आणि लाईट गेलेल्या रात्री कोणती कंपनी चालते, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही, तालुक्याच्या दुकानदाराकडेही नसतं. ते आपल्याच शिवारात फिरून काढावं लागतं. कसं, ते या लेखात सांगायचं आहे.

१. रेंज म्हणजे नेमकं काय?

मोबाईल हा एक छोटा रेडिओच आहे. फरक इतकाच की रेडिओ नुसता ऐकतो, मोबाईल ऐकतोही आणि बोलतोही. टॉवरवरून लहरी येतात, त्या फोन पकडतो आणि उलट आपल्या लहरी टॉवरकडे पाठवतो.

इथेच पहिली गोम आहे. टॉवरचा आवाज मोठा असतो. ४जी फोनची बोलण्याची ताकद मात्र पाव वॅटपेक्षाही कमी असते. त्यामुळे कधी कधी टॉवरचं बोलणं आपल्यापर्यंत येतं, पण आपलं बोलणं टॉवरपर्यंत पोचत नाही. समोरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो आणि आपल्याला मात्र त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत असतो. रेंज कमी असलेल्या जागी फोनची बॅटरी लवकर उतरते ती याचमुळे. दूरच्या माणसाला हाक मारताना घसा कोरडा पडावा, तसं फोनचं होतं.

फोनवर ज्या चार-पाच कांड्या दिसतात त्यावर फार भरवसा ठेवू नये. एका फोनवर तीन दिसतात तिथे दुसऱ्यावर दोन दिसतात, कारण कांड्या कशा मोजायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. नेमकं माप पाहायचं असेल तर बहुतेक अँड्रॉईड फोनमध्ये सेटिंगमधील "अबाउट फोन" आणि त्यातील "सिम स्टेटस" येथे सिग्नलचा आकडा सापडतो. तो उणे असतो आणि त्यापुढे डीबीएम लिहिलेलं असतं. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जी साठी साधारण हिशेब असा धरावा: उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. उणे १०० ते ११० दरम्यान असेल तर काम भागेल. उणे ११५ च्या पलीकडे गेला तर भरवसा नाही. हा आकडा १० ने घसरला की सिग्नल दहा पटींनी कमी झाला असं समजावं. म्हणजे उणे ९५ आणि उणे १०५ हे जवळजवळचे आकडे नाहीत.

२. शेजाऱ्याला रेंज येते, मग आपल्याला का नाही?

याची कारणं समजली की निम्मं काम झालं.

टॉवरचं अंतर आणि लहरीची जात : प्रत्येक कंपनीला सरकारकडून लिलावात ठराविक लहरी मिळालेल्या असतात. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. १८००, २१००, २३०० च्या लहरी त्यामानाने कमी पल्ल्याच्या. ५जी ज्या ३३०० च्या वरच्या लहरींवर मुख्यतः चालतं, त्यांचा पल्ला आणखी कमी. म्हणून तालुक्याच्या गावी ५जी झकास चालतं आणि तीन-चार किलोमीटरवरच्या मळ्यात त्याच कंपनीचं ५जी येतं-जातं होतं. कोणती कंपनी कोणत्या गावात कोणत्या लहरी वापरते हे बदलत असतं. त्यामुळे एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला लागू पडेलच असं नाही.

जमिनीचा उतार : या लहरी साधारण नजरेच्या रेषेत चालतात. नदीकाठच्या खोलगट रानात, ओढ्याच्या कडेला, डोंगराच्या पाठीमागे टॉवर जवळ असूनही रेंज मिळत नाही. बांधावर उभं राहिलं की फोन लागतो आणि सरीत उतरलं की तुटतो, तो यामुळेच.

पत्र्याचं घर : लोखंडी पत्रा लहरी अडवतो. पत्र्याच्या घरात, गोठ्यात, लोखंडी शटरच्या खोलीत दाराबाहेर आणि आत फार फरक पडतो. जाड दगडी भिंतीचा आणि स्लॅबचाही परिणाम होतो, पण पत्र्याइतका नाही.

उभा ऊस : ही गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. झाडझाडोरा लहरी शोषतो, आणि ओला पाला जास्तच शोषतो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या फोनला उन्हाळ्यातल्या मोकळ्या रानाइतकी रेंज मिळत नाही. म्हणून पाहणी करायची ती ऊस उभा असताना. रिकाम्या रानात पाहून घेतलेलं सिम सप्टेंबरात दगा देतं.

गर्दी : कांड्या पुऱ्या, पण नेट हलत नाही, असा अनुभव सगळ्यांना आहे. ही रेंजची उणीव नव्हे, गर्दीची आहे. एका टॉवरची क्षमता एका पाटाच्या पाण्यासारखी असते. दारं जास्त उघडली की प्रत्येकाच्या वाट्याला धार कमी. संध्याकाळी सात ते दहा, बाजारच्या दिवशी, जत्रेत आणि हंगामात कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग लागली असताना हे हमखास घडतं. गावात ज्या कंपनीची सिमं सगळ्यात जास्त, तिच्याच टॉवरवर ही गर्दी होते. सगळ्यांनी घेतलं म्हणून आपणही घ्यावं हा न्याय इथे उलटा पडू शकतो.

लाईट : टॉवरही विजेवर चालतो. लाईट गेली की बॅटरीवर आणि बॅटरी संपली की जनरेटरवर, जर जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तर. वळवाच्या वादळात तारा तुटल्या की काही टॉवर तासा-दोन तासांत मान टाकतात, काही रात्रभर चालतात. फोनची खरी गरज नेमकी त्याच रात्री असते, म्हणून हे आधीच माहीत करून घ्यावं.

३. आज आपल्यापुढे कोणत्या कंपन्या आहेत?

आपल्या देशात मोबाईलवरून पहिलं बोलणं ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झालं. त्यानंतर कितीतरी कंपन्या आल्या आणि गेल्या. आज आपल्या भागात चार उरल्या आहेत : जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया म्हणजेच "व्ही", आणि सरकारी बीएसएनएल. व्होडाफोन आणि आयडिया या दोन कंपन्या ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. तेव्हा ज्यांचं जुनं आयडियाचं सिम आहे ते आज व्हीचेच ग्राहक आहेत.

मोबाईलच्या कारभारासाठी मुंबईचा विभाग वेगळा आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक विभाग, अशी रचना आहे. मुंबईला असलेल्या मुलाने "माझी कंपनी फार चांगली" असं सांगितलं, तर ते त्याच्या विभागापुरतं खरं समजावं. कर्नाटकाच्या सीमेलगत शिरोळ, कागल, जत, अक्कलकोट अशा तालुक्यांत फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज येतो. त्यात बिघाड काही नसतो. पॅकमध्ये रोमिंग धरलेलं आहे ना, एवढं मात्र विचारून घ्यावं.

एक फरक प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावा. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच आहे, त्यात २जी नाही. साधा जुना बटणांचा २जी फोन त्या सिमवर चालत नाही, ४जीचा बटणफोन लागतो. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल यांची २जी सेवा चालू आहे. घरातली म्हातारी माणसं जुना फोन सोडायला तयार नसतील, तर निवड करताना हे आधी पाहावं.

बीएसएनएलने देशात तयार झालेल्या यंत्रसामग्रीवर आपलं ४जी उभारलं आणि त्याचं देशपातळीवरचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं. तेव्हा पूर्वी कधीतरी "नेट चालत नाही" म्हणून सोडलेली कंपनी आज आपल्या गावात कशी आहे, हे नव्याने पाहायला हरकत नाही. हीच गोष्ट इतर कंपन्यांनाही लागू. दोन वर्षांपूर्वीचं मत आजच्या टॉवरला लागू पडत नाही.

४. कंपनीला दोष देण्याआधी

आधी आपलंच घर तपासावं. पुष्कळदा कंपनी बरोबर असते आणि खोट फोनमध्ये असते.

आपलं सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून त्याच जागी पाहा. तिथे चांगलं चाललं तर दोष आपल्या फोनचा. सिम फार जुनं असेल तर ते ४जीला चालत नसेल. कंपनीच्या केंद्रावर जाऊन त्याच नंबरचं नवं सिम मिळतं. फोनच्या सेटिंगमध्ये "व्होल्टी" चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर फोन आला की नेट थांबतं, आणि २जी नसलेल्या कंपनीत बोलणंच होत नाही. ५जीचं चिन्ह सारखं येत-जात असेल तर सेटिंगमध्ये फक्त ४जी ठेवा. फोन स्थिर होतो आणि बॅटरीही टिकते.

५. आठवडाभराची पाहणी

आता मुख्य काम. याला पैसा फारसा लागत नाही, थोडी चिकाटी लागते.

पहिली पायरी, घरबसल्या : दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार प्रत्येक कंपनीने कोणत्या गावात २जी, ४जी, ५जी यांपैकी काय मिळतं याचा नकाशा आपल्या वेबसाईटवर द्यायचा आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला सांगून आपलं गाव त्यात पाहून घ्या. मात्र नकाशावरचा रंग म्हणजे पंचांगातला पाऊस. ज्या कंपनीचा रंगच आपल्या शिवारावर नाही ती वगळायची, एवढाच त्याचा उपयोग. पत्र्याचं घर आणि आडसाली ऊस नकाशाला दिसत नाही. सरकारच्या "तरंग संचार" या वेबसाईटवर आपल्या आसपास टॉवर कुठे आहेत आणि त्यावर कोणत्या कंपन्या आहेत हेही पाहता येतं.

दुसरी पायरी, रानात : आपल्या फडात उभं राहून फोनच्या सेटिंगमध्ये "नेटवर्क ऑपरेटर" किंवा "नेटवर्क निवडा" येथे जा, आपोआप निवड बंद करा आणि शोध घ्या. मिनिटभरात त्या जागी ज्या कंपन्यांच्या लहरी फोनला सापडल्या त्यांची नावं येतील. यासाठी नवं सिम विकत घ्यावं लागत नाही. पाहून झालं की निवड पुन्हा "आपोआप" वर ठेवायला विसरू नका, नाहीतर फोन बंद पडल्यासारखा होईल.

तिसरी पायरी, प्रत्यक्ष फोन : ज्या दोन कंपन्या बऱ्या वाटतात त्यांची सिमं असलेले दोन शेजारी किंवा भाऊबंद बरोबर घ्या. एका कागदावर जागा लिहा : घरात चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर मोटरीजवळ, फडाच्या लांबच्या कोपऱ्यात, कारखान्याच्या वाटेवर आणि यार्डात. वेळाही लिहा : पहाटे, भर दुपारी, रात्री आठ वाजता, आणि एकदा तरी लाईट गेल्यावर तासाभराने. प्रत्येक ठिकाणी पाच वेळा फोन लावायचा. किती वेळा लागला, दोन्हीकडून आवाज स्वच्छ आला का, मध्येच तुटला का, मेसेज किती वेळात आला, याची नोंद करायची. शिवाय बाहेरून आपल्याला फोन लावायला सांगायचा. आपला फोन जातो पण आपल्याला फोन येत नाही, असंही घडतं, आणि तोडीचा निरोप तर बाहेरूनच यायचा असतो.

निकाल कसा लावायचा? समजा, एका कंपनीचं नेट घरी झपाट्याने चालतं, पण विहिरीवर पाचपैकी दोनच फोन लागले. दुसरीचं नेट मंद आहे, पण विहिरीवर पाचही लागले आणि लाईट गेल्यावरही चालू राहिली. शेतकऱ्याने आपला मुख्य नंबर दुसरीकडे ठेवावा. सिनेमा थांबला तर बिघडत नाही, निरोप थांबता कामा नये. ज्याचं घर गावठाणात आहे आणि रान टॉवरच्या शेजारी आहे, त्याचा निकाल वेगळा येईल. म्हणूनच पाहणी ज्याची त्याने करायची.

ई-पीक पाहणीबद्दल एक खुलासा. फोन आपली जागा उपग्रहावरून ओळखतो, त्यासाठी कंपनीची रेंज लागत नाही. माहिती पाठवायला मात्र नेट लागतं. तेव्हा रानात नेट नाही म्हणून पाहणी टाळू नये. नोंद रानात करून माहिती रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते.

६. दोन सिम असतील तर

हल्ली बहुतेक फोनमध्ये दोन सिमं बसतात. एक सिम बोलण्याला, एक नेटला, ही वाटणी चांगली. पण दोन्ही एकाच कंपनीची घेऊन उपयोग नाही. दुसरी गोष्ट अशी, की हल्ली एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. त्या टॉवरची लाईट आणि डिझेल संपलं की सगळ्या एकदम बंद. तेव्हा दुसरं सिम असं निवडा, ज्याच्या कंपनीचं यंत्र दुसऱ्या टॉवरवर आहे. बियाण्याची दोन पोती एकाच गळक्या खोलीत ठेवत नाही, तसंच हे.

दुसऱ्या सिमचा खर्च परवडत नाही, अशी तक्रार असते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की कंपन्यांनी नेट नसलेला, नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचा पॅकही द्यावा. अशा खास पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभाही दिली. दुकानदार आपणहून हा पॅक दाखवत नाही, मागून घ्यावा लागतो. नवरा-बायको दोघांचे फोन असतील तर दोघांनी वेगवेगळ्या कंपन्या ठेवल्या तरी घराचं काम भागतं.

७. मोटरीच्या स्टार्टरमधलं सिम

मोबाईल स्टार्टर बसवलेल्यांनी हे नीट वाचावं. फोन करून मोटर चालू-बंद करणाऱ्या जुन्या स्टार्टरमध्ये पुष्कळदा २जीचं यंत्र असतं. त्यात २जी नसलेल्या कंपनीचं सिम घातलं तर स्टार्टर मुका राहतो, आणि माणूस स्टार्टर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. पेटीवर किंवा माहितीपत्रकावर २जी की ४जी ते पाहूनच सिम घाला. नवा स्टार्टर घेताना ४जीचा मागा, तो जास्त वर्षं पुरेल.

स्टार्टर लोखंडी पेटीत बंद असतो. त्याची एरियलची वायर पेटीबाहेर काढून उंचावर बांधावी. त्या सिमचा रिचार्ज संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तो संपला आणि येणारे फोन बंद झाले, तर घरून चालू केलेली मोटर घरून बंद करता येणार नाही. कोरडी चाललेली मोटर जळायला वेळ लागत नाही.

८. नंबर तोच, कंपनी दुसरी

कंपनी बदलायची तर नवा नंबर घेऊ नये. नवा नंबर घेतला की कारखान्याच्या शेती ऑफिसात, सोसायटीत, बँकेत, आधारवर, पीएम किसानमध्ये सगळीकडे बदल करावा लागतो. एखादी जागा राहून गेली की ऊस बिलाचा मेसेज जुन्या बंद नंबरवर जातो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलं तरी तोच नंबर नेता येतो. रीत अशी :

फोनवरून इंग्रजीत "पोर्ट" हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहून १९०० वर मेसेज पाठवावा. अटी पुऱ्या असतील तर आठ अक्षरी-आकडी कोड येतो. अटी मुख्यतः अशा : सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, बिलाची जुनी बाकी नको, आणि मागच्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेलं नसावं. आपल्याकडे हा कोड चार दिवस चालतो. तेवढ्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन स्वतः जावं. आपल्या विभागातल्या विभागात बदल तीन कामाच्या दिवसांत होतो, दुसऱ्या विभागातून आणायचा असेल तर पाच. बदल होत असताना काही तास फोन बंद राहतो. तेव्हा तोडीचा नंबर लागलेला असताना किंवा बँकेचं काम अडलेलं असताना हा उद्योग काढू नये. जुना उरलेला रिचार्ज नव्या कंपनीत मिळत नाही, म्हणून तो संपत आल्यावर बदलावं. एकदा बदलल्यावर पुन्हा ९० दिवस थांबावं लागतं. म्हणून आधी पाहणी, मग बदल.

तो आठ अक्षरी कोड फोनवर कोणालाही सांगू नये. कंपनीतून बोलतो म्हणून कोणी मागितला तरी नाही. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला की बँकेची किल्ली गेली. आपल्या नावावर किती सिमं आहेत हे सरकारच्या "संचार साथी" या वेबसाईटवर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

९. कोणाचीच रेंज नसेल तर

काही वस्त्या अशा आहेत की चारही कंपन्यांनी पाठ फिरवलेली आहे. तिथे घरी वायरचं इंटरनेट आलं असेल तर फोनमध्ये "वायफाय कॉलिंग" चालू करावं. मग पत्र्याच्या घरातही त्याच नंबरवर फोन येतो-जातो. रानाचा प्रश्न त्याने सुटत नाही, घराचा सुटतो.

बाजारात रेंज वाढवणारं बूस्टर मिळतं, ते घेऊ नये. परवानगीशिवाय ते बसवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडते. आपल्या दारी उजेड आणि आळीला अंधार, असं ते काम आहे.

तक्रार करायची तर कंपनीच्या १९८ या नंबरवर करावी आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पण एकट्याच्या तक्रारीपेक्षा वस्तीचा एकत्र अर्ज जड पडतो. किती घरं, किती फोन, कोणत्या जागी रेंज नाही, आठवडाभराच्या पाहणीचे आकडे काय, हे लिहून ग्रामपंचायतीच्या ठरावासह कंपनीला आणि दूरसंचार खात्याला पाठवावं. सहकाराची सवय आपल्याला आहेच, ती इथेही कामाला यावी.

काही गावांत रेंज हवी, पण टॉवर नको, अशी भूमिका असते. टॉवरच्या लहरींबाबत भीती वाटणं स्वाभाविक आहे. आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा घातली आहे. शंका असेल तर "तरंग संचार" वर अर्ज करून टॉवरची मोजणी मागता येते.

आणि एक सावधगिरी. "तुमच्या रानात टॉवर बसवतो, मोठं भाडं मिळेल, आधी परवानगीचे पैसे भरा," असा फोन किंवा पत्र आलं तर ती शुद्ध फसवणूक समजावी. ट्राय अशी परवानगी देत नाही आणि खरी कंपनी शेतकऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

शेवटची विनंती

बॉयलर पेटण्याआधी हे सगळं उरकावं. तोडणी सुरू झाल्यावर कोणाला सवड नसते. पाहणी झाली की आपला चालू नंबर शेती ऑफिसात नोंदला आहे तोच आहे ना, हे गटऑफिसात जाऊन एकदा तपासा. त्याखाली घरातल्या आणखी एका माणसाचा, शक्यतो दुसऱ्या कंपनीचा, नंबरही लिहून द्या. टोळी आली की मुकादमाला विचारा, तुमच्या कोपीवर कोणत्या सिमला रेंज येते. तो बीड-जालन्याकडून सिम घेऊन आलेला असतो, आपल्या शिवारात ते चालेलच असं नाही. ज्या वस्तीने पाहणी केली असेल तिने निकालाचा कागद सोसायटीच्या फळ्यावर लावावा, म्हणजे शेजारच्या दहा घरांचे कष्ट वाचतील.